रेंडर लावला की मधेच बंद पडतो, कॉम्प्युटरची लोड टेस्ट कशी घ्यावी?

टॉवेलवाला:
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. डिझाइन, कॅटलॉगचे रेंडर मी तिथल्याच ऑफिसात करतो. प्रोसेसर आय५-१२४००, १६ जीबीच्या दोन रॅम (डीडीआर४-३६००), ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, ५५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). एरवी सगळं सुरळीत. रेंडर लावला की तासाभरात प्रोग्राम आपोआप बंद, दोनदा निळी स्क्रीनही आली. दुकानदार म्हणतो एसएमपीएस बदला. पैसे घालायच्या आधी दोष कुठं आहे ते कळायला पाहिजे. काय काय टेस्ट लावू, सांगा की.

होटगी_रोड:
मालक, थांबा. एसएमपीएसमध्ये दम नसला तर लोडवर अख्खं मशीनच फटकन बंद होतं, नाहीतर रीस्टार्ट होतं. नुसता प्रोग्राम सहसा बंद होत नाही. ३०६० ला १७० वॅट, प्रोसेसरला जास्तीत जास्त ११७, म्हणजे ५५० पुरायला हवा. मला रॅमचा संशय येतोय. १२४०० ची अधिकृत मर्यादा डीडीआर४-३२०० आहे, ३६०० हा एक्सएमपीचा, म्हणजे बायोसमधून वाढवून घेतलेला वेग. या प्रोसेसरात मेमरी कंट्रोलरचं व्होल्टेज वाढवता येत नाही, त्यामुळं काहींना ३६०० झेपत नाही.

रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाका आणि रात्रभर लावून ठेवा, किमान चार पास (पूर्ण फेऱ्या). एक जरी एरर आली तरी नापास. एखादी चालते म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका, तीच उद्या तुमच्या डिझाइनच्या फाइलमध्ये जाऊन बसेल.

जॅकार्ड_ताई:
आधी कॅबिनेट उघडा! आमच्याकडं हीटसिंकवर (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) सुताचा थर गोधडीसारखा बसला होता. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. मग प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारी प्राइम९५ ची स्मॉल एफएफटी टेस्ट अर्धा तास, शेजारी तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं. १०० अंशांना हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. आणि टेस्ट भर दुपारी घ्या. आपल्या मे महिन्यात सकाळी पास झालेल्या मशीनचा काही भरवसा नाही.

होटगी_रोड:
ताईंचं बरोबर आहे. फक्त प्राइम९५ आणि फरमार्क (ग्राफिक्स कार्डची लोड टेस्ट) सुरुवातीलाच एकत्र लावू नका, दोष कुणाचा ते कळत नाही. आधी वेगवेगळे. दोन्ही एकत्र लावल्यावरच मशीन बंद पडलं, तर मग एसएमपीएसकडं बघा.

टॉवेलवाला:
३६०० वर दुसऱ्याच पासला एरर. बायोसमध्ये ३२०० केलं, चारही पास स्वच्छ. काल दुपारी रेंडर साडेतीन तास सलग चालला. सूतही मूठभर निघालं, तापमान ९ अंशांनी उतरलं. ताई, ब्लोअर किती दिवसांनी मारता?

जॅकार्ड_ताई:
लूम शेजारीच असतील तर दर महिन्याला.