कोल्हापुरातल्या उच्च न्यायालयाला मराठीत काय म्हणावे : सर्किट बेंच, खंडपीठ की पीठ?

मूळ मांडणी : निवृत्त न्यायालयीन अनुवादक, शिवाजी पेठ

मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयीन इमारतीत सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईवारी टळली. तेव्हापासून या न्यायालयाला कोणी 'सर्किट बेंच' म्हणतो, कोणी 'खंडपीठ', कोणी 'फिरते खंडपीठ', तर चहाच्या गाड्यावर नुसते 'बेंच' चालते. माझे मत असे की लेखी मराठीत तरी 'खंडपीठ' हा शब्द या ठिकाणासाठी वापरू नये.

इंग्रजीतल्या 'बेंच' या शब्दाचे केवळ न्यायालयापुरते पाहिले तरी बरेच अर्थ निघतात. न्यायाधीश ज्यावर बसतात ते आसन हा पहिला. एखादे प्रकरण ऐकणारा न्यायाधीश किंवा न्यायाधीशांचा गट हा दुसरा. 'बार' म्हणजे वकीलवर्ग, त्याच्या जोडीने येणारा अवघा न्यायाधीशवर्ग हा तिसरा. आणि मुख्य ठिकाण सोडून उच्च न्यायालय जेथे बसते ते ठिकाण हा चौथा. यांपैकी दुसऱ्या अर्थासाठी मराठीने फार नेटकी सोय केली आहे. एक न्यायाधीश असतील तर एकलपीठ, दोन असतील तर खंडपीठ, त्याहून मोठे असेल तर पूर्णपीठ, आणि राज्यघटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला तर किमान पाच न्यायाधीशांचे घटनापीठ. ही सोय आपणच बिघडवली, कारण नागपूर, औरंगाबाद आणि पणजी या ठिकाणांनाही आपण 'खंडपीठ' म्हणू लागलो. त्यातून 'नागपूर खंडपीठाच्या खंडपीठाने याचिका फेटाळली' असली वाक्ये जन्माला आली, आणि 'खंडपीठाच्या एकलपीठाने' हे त्यांचे धाकटे भावंड. पक्षकाराने यातून काय बोध घ्यावा? 'सर्किट बेंच' हे अधिकृत इंग्रजी नाव देवनागरीत जसेच्या तसे लिहावे आणि 'खंडपीठ' दोन न्यायाधीशांपुरते राखून ठेवावे, ही माझी सूचना आहे.

प्रतिसाद : वकील, राजारामपुरी

अनुवादकसाहेब, आपली अर्थांची मांडणी बिनचूक आहे, पण निष्कर्ष पटत नाही. आम्ही रोज न्यायालयात वावरणारे लोक दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाला 'डीबी', म्हणजे 'डिव्हिजन बेंच', म्हणतो आणि एकलपीठाला 'सिंगल'. 'मॅटर आज डीबीच्या बोर्डावर आहे' असे म्हटले की कनिष्ठ वकिलालाही कोणत्या दालनाकडे धावायचे ते कळते, त्यामुळे आपल्याला वाटणारा घोटाळा प्रत्यक्षात होत नाही. दुसरे असे की या सहा जिल्ह्यांनी अनेक वर्षे मोर्चे काढले, कामकाजावर बहिष्कार टाकले, ते 'खंडपीठ' या शब्दासाठी. कृती समितीच्या नावातही तोच शब्द होता. ज्या शब्दाने लढा दिला, तो ठिकाण हाती आल्यावर खाली ठेवायचा, हे कोणत्या कोशात बसते?

प्रतिसाद : पक्षकार, कणकवली

मला 'सर्किट'चीच अडचण वाटते. आमच्या जमिनीच्या वादातील अपील आता कोल्हापुरात आहे, असे वडिलांना सांगितले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मग ते कोर्ट महिन्यातून किती दिवस भरतं?" त्यांची समजूत अशी की न्यायाधीश मुंबईहून येणार, चार दिवस बसणार आणि परत जाणार. कोणीतरी त्यांना 'फिरते' असे सांगितले होते.

प्रतिसाद : इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ

कणकवलीच्या काकांची समजूत शब्दाच्या मुळाशी अगदी इमान राखून आहे. 'सर्किट' म्हणजे फेरा. इंग्लंडात न्यायाधीश ठरलेल्या मार्गाने गावोगाव फिरत आणि तेथे न्यायदान करीत. ती पद्धत १९७१ च्या कायद्याने बंद झाली. आपल्याकडे शासकीय विश्रामगृहाला जुनी मंडळी अजून 'सर्किट हाऊस' म्हणतात, तेही दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांच्या मुक्कामावरूनच. परंतु कोल्हापुरातले न्यायालय कोठेही फिरत नाही. म्हणून 'फिरते खंडपीठ' हे भाषांतर शब्दाला धरून असले तरी वस्तुस्थितीला सोडून आहे, आणि चार नावांतले तेच सर्वांत आधी बाद करावे.

माझी स्वतःची पसंती 'कोल्हापूर पीठ' या नावाला आहे. 'बेंच' म्हणजे मुळात बाक, आणि 'पीठ' म्हणजेही मुळात आसनच. इंग्रजीत आसनावरून न्यायाधीशांकडे आणि तेथून ठिकाणाकडे अर्थ जसा सरकत गेला, तसाच तो मराठीतही सहज सरकेल. खंड म्हणजे विभाग. 'डिव्हिजन'चे ते भाषांतर आहे आणि ठिकाणाशी त्याचा काही संबंध नाही.

प्रतिसाद : पिठाच्या गिरणीचे मालक, लक्षतीर्थ वसाहत

'कोल्हापूर पीठ' अशी पाटी लागली तर लोक डबे घेऊन सीपीआरसमोर रांग लावतील. विचार व्हावा.

प्रतिसाद : इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ

ज्या गावात अंबाबाईचे शक्तिपीठ आहे आणि १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे, तेथे अद्याप कोणी विद्यापीठात जोंधळे घेऊन गेल्याचे ऐकिवात नाही. आपल्या गिरणीचे हित अबाधित राहील.

प्रतिसाद : मूळ मांडणी करणारे, शिवाजी पेठ

वकीलसाहेबांनी लढ्याचा मुद्दा काढला, म्हणून कायद्याकडे वळतो. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१ मध्ये दोन वेगळ्या वाटा आहेत. पोटकलम (२) नुसार राष्ट्रपतींच्या आदेशाने कायम पीठ स्थापन होते. पोटकलम (३) नुसार मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने असे ठिकाण नेमू शकतात, जेथे न्यायाधीश बसू शकतील. कोल्हापूर या दुसऱ्या वाटेने आले. औरंगाबादही १९८१ मध्ये याच वाटेने आले. त्या निर्णयाला आव्हान दिले गेले, सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये तो वैध ठरवला आणि १९८४ मध्ये तेथे कायम पीठ झाले. शेजारच्या धारवाडला २००८ मध्ये सर्किट बेंच आले आणि ते कायम होण्यास २०१३ उजाडले. म्हणजे या दोन शब्दांमध्ये काही वर्षांचे आणि एका राष्ट्रपती आदेशाचे अंतर आहे. आजच आपण त्याला 'खंडपीठ' म्हणू लागलो, तर उद्या कायम पिठाची मागणी घेऊन गेल्यावर 'तुम्हाला खंडपीठ मिळाले आहेच की' असे उत्तर ऐकावे लागेल.

प्रतिसाद : वकील, राजारामपुरी

साहेब, आपण दाखवलेले पोटकलम (३) पुन्हा वाचावे, ही विनंती. त्यात 'सर्किट' हा शब्द नाही, आणि 'बेंच' हाही नाही. न्यायाधीश आणि 'डिव्हिजन कोर्ट्स' अमुक ठिकाणीही बसू शकतील, एवढीच त्याची भाषा आहे. तेव्हा 'सर्किट बेंच' हे नाव कलमातून आलेले नाही, वहिवाटीतून आलेले आहे, आणि 'खंडपीठ' हेही वहिवाटीतूनच. दोन वहिवाटींपैकी एक मराठी असताना दुसरी इंग्रजी का स्वीकारावी? याचिकेच्या शीर्षकात जे अधिकृत इंग्रजी नाव आहे तेच आम्ही लिहितो आणि लिहीत राहू, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो मराठी बातमीचा, पाटीचा आणि निवेदनाचा.

राहता राहिली आपली भीती. औरंगाबादचा इतिहास आपणच सांगितलात. तेथे १९८१ आणि १९८४ यांच्या दरम्यान जे बदलले ते कायदेशीर स्थान, आणि ते मराठीत 'कायम' या एका विशेषणाने नीट सांगता येते. सरकारी नोकरीत हंगामी माणूसही कर्मचारीच असतो आणि त्याला कायम करा असे म्हटले की मागणी कोणाच्याही लक्षात येते. माझा मसुदा 'कोल्हापूर खंडपीठ कायम करावे' असा आहे. आपला मसुदा 'सर्किट बेंचचे कायम पिठात रूपांतर करावे' असा असेल, तर तोही बैठकीत ठेवावा. सह्या दोन्हींवर घेऊ.

प्रतिसाद : मूळ मांडणी करणारे, शिवाजी पेठ

मसुदा आणतो. मात्र आपल्या मसुद्यात पुढे कोठे दोन न्यायाधीशांच्या निकालाचा उल्लेख करावा लागला, तर तेथे आपण कोणता शब्द लिहिता, तेवढे मी पाहणार आहे. 'डीबी' लिहिलेत तर मंत्रालयात चालणार नाही.