ल्युसिड स्वप्नांसाठी लुकलुकणारा मास्क: घ्यावा का? कोणता?

पहाटवारा

नमस्कार मंडळी. स्वप्न चालू असतानाच 'अरे, हे स्वप्न आहे' असं कळणं, म्हणजेच ल्युसिड स्वप्न, मला आजवर अगदी क्वचित, तेही आपोआप जमलंय. पण तो आनंद विसरता येत नाही. आता ते ठरवून जमवायचंय. डोळ्यांवर बांधून झोपायचा, लाल दिवे लुकलुकवणारा मास्क मिळतो असं वाचलं. कुणी वापरलाय का? पैसे घालण्यासारखा आहे का? माझी झोप सावध आहे, मी कुशीवर झोपते आणि अधूनमधून मायग्रेन होतं.

निशाचर

मी वापरतो, आणि घेण्यासारखी वस्तू आहे असं माझं मत आहे. फक्त तिच्याकडून काय मिळणार ते आधी समजून घ्या. मास्क नुसता इशारा देतो. स्वप्नात तो इशारा ओळखायचं काम आपलं, आणि त्याची तयारी दिवसा करावी लागते.

यामागचा इतिहास मला फार आवडतो, म्हणून थोडं सांगतो. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात संशोधक कीथ हर्न हे ॲलन वर्स्ली यांच्या झोपेचा अभ्यास करत होते. ठसठशीत स्वप्नं बहुतेक रेम झोपेत, म्हणजे डोळे भराभर हलण्याच्या टप्प्यात पडतात. त्या वेळी बाकी अंग लुळं असतं, पण डोळे हलतात. म्हणून स्वप्न आहे हे कळलं की डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे असं दोघांचं ठरलं होतं. वर्स्लींनी झोपेतूनच तशी खूण केली आणि ती यंत्रावर उमटली! पुढे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधक स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवून दिलं. झोपेतून निरोप बाहेर येतो, तर बाहेरचा आतही जाईल, या विचारातून त्यांनी आधी ड्रीमलाइट आणि नंतर नोव्हाड्रीमर ही उपकरणं काढली. रंग लाल, कारण मिटलेल्या पापणीतून तोच चांगला आत जातो.

नोव्हाड्रीमर इन्फ्रारेड सेन्सरने डोळ्यांची हालचाल टिपायचा आणि रेम झोप लागली असं दिसलं की दिवे लावायचा. तो बनणं बंद होऊन बरीच वर्षं झाली. २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करणाऱ्या वेबसाइटवर गाजलेल्या रेमी या मास्कमध्ये सेन्सर नव्हता, नुसता टायमर होता: झोपल्यावर काही तास थांबायचं, मग ठरावीक अंतराने लुकलुकायचं. स्वस्त मास्क अजूनही बहुधा याच पद्धतीचे असतात. रेम साधारण दर ९० मिनिटांनी येते आणि पहाटेकडे लांबत जाते, त्यामुळे टायमरचा नेमही पुष्कळदा लागतो. चुकला तर मात्र सावध झोपेचा माणूस टक्क जागा होतो. तुमच्यासाठी सेन्सरवाला बरा. निदान प्रकाश अगदी मंद करता येईल असा तरी बघा.

स्वप्नात हा इशारा 'लाल एलईडी' म्हणून दिसत नाही, स्वप्न त्याला आपल्यात मुरवून घेतं. एकदा मी गणपतीच्या मांडवात उभा होतो. आरती रंगात आली होती. कमानीवरची रंगीत माळ एकदम सगळीच्या सगळी लाल झाली आणि तीनदा लुकलुकून थांबली. कुणी वर बघितलंही नाही. तीनची लय मीच मास्कमध्ये लावलेली, त्यामुळे शंका आली. हातातल्या आरतीच्या पुस्तकातली ओळ वाचली, नजर वळवून पुन्हा वाचली, तर अक्षरं वेगळीच! मग खात्री पटली.

ही सवय दिवसा लावा. सिग्नल, गाडीचा ब्रेकलाइट, लिफ्टचा दिवा, लाल काही लुकलुकलं की 'मी आत्ता स्वप्नात आहे का?' असं मनापासून विचारायचं आणि काहीतरी दोनदा वाचून बघायचं. नुसतं उरकून टाकलं तर स्वप्नातही उरकलंच जातं.

रातराणी

मी ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरी नोंदवणाऱ्या तपासणीच्या विभागात काम करते. पहाटवारा ताई, मास्क मागवायच्या आधी हे वाचाच. काही रुग्णांना लुकलुकत्या प्रकाशाने झटका येतो. ते तपासण्यासाठी ईईजी काढताना आम्ही मुद्दाम दिवा लुकलुकवतो. सेकंदाला १५ ते २५ वेळा लुकलुकणारा प्रकाश त्यांना सर्वांत जास्त त्रास देतो. तुम्हाला किंवा घरात कुणाला फिट्सचा त्रास असेल तर हा नाद नको. मायग्रेनवाल्यांनाही असा प्रकाश आणि मोडलेली झोप, दोन्ही सोसत नाही. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पहाटवारा

धन्यवाद, रातराणी ताई. घरात फिट्स कुणाला नाहीत, पण मायग्रेनसाठी डॉक्टरांशी बोलते. प्रकाश झेपलाच नाही तर दुसरा काही मार्ग?

घुबड_शिकागोचं

आवाज! इथल्याच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी आवाजाचे प्रयोग केलेत. झोपायच्या आधी एका आवाजाची 'हे स्वप्न तर नाही?' या सजगतेशी सांगड घालायची आणि रेम झोपेत तोच आवाज हळू ऐकवायचा. दिवसाच्या झोपेतही काही लोकांना त्याने ल्युसिड स्वप्न पडलं. लक्षात घ्या, नुसता आवाज ऐकवला नव्हता, आधी सराव करून घेतला होता. घरी ऐकवायचा तर एका कानात, अगदी बारीक.

निशाचर

+१. आणि काहीही विकत न घेता लाबर्ज यांची ल्युसिड स्वप्न पाडायची 'माइल्ड' (MILD) पद्धत आजपासून करता येते. साधारण पाच तासांनी गजर लावून उठा. नुकतंच पडलेलं स्वप्न आठवा, उशाशी वही ठेवून दोन ओळी खरडा. मग 'पुढच्या स्वप्नात हे स्वप्न आहे हे मला आठवेल' असं मनाशी घोळवत, त्याच स्वप्नात परत जाऊन ते ओळखतोय असं डोळ्यांसमोर आणत झोपी जा. स्वप्नं आठवतच नसतील तर मास्कही कामाचा नाही, म्हणून आधी वही. आणि हे सुट्टीच्या आदल्या रात्रीच. रोज झोप मोडू नका.

पहाटवारा

वही आज रात्रीपासूनच. कुशीवर झोपल्यावर मास्क सरकतो का, तेवढं सांगा.

निशाचर

सरकतो. पट्टा रुंद, इलास्टिकचा बघा. बॅटरी नि सर्किट कपाळाच्या मध्यावर असलेला घ्या, कडेला असेल तर कानशिलाला टोचतं. डोळ्यांपाशी खोलगट असेल तर पापण्यांवर दाब येत नाही. पहिल्या काही रात्री दिवे बंद ठेवून नुसताच बांधून झोपा. तेवढ्यानेही झोप मोडत असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत परत करा.