शब्दचर्चा : रिसेप्शनच्या टेबलावरच्या लाकडी टॉपला मराठीत काय लिहायचं?

पिंपळपान : आमच्या वाचनालयाच्या दुरुस्तीच्या कामाचा तपशील मराठीत लिहून देतेय. बाकी सगळं झालं, काउंटरटॉपला अडलंय. मी लिहिलं 'स्वागतकक्षातील मेजावरील लाकडी फळी'. सुतारदादांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, ताई फळी म्हणजे एकच ना, आठ फूट लांब नि दोन फूट रुंद सलग फळी कुठून आणू, चार-पाच फळ्या जोडाव्या लागतील. मग 'पृष्ठभाग' केलं, तर समितीतले एक सर म्हणतात पृष्ठभाग म्हणजे वस्तू नव्हे, तिची वरची बाजू. दोघांचंही पटतंय. शब्द सुचवा, घाई आहे.

गोदातीर : माथा. आमचे आजोबा चौरंगाचा माथा म्हणायचे. निफाडकडचे.

शिसवी : मीही नाशिक जिल्ह्यातलाच, चौरंगाचा माथा कधी ऐकला नाही. माथा डोंगराला. चौरंगाची वरची फळीच म्हणायचो आम्ही.

गोदातीर : तुम्ही ऐकला नाही म्हणून शब्द नव्हता असं होत नाही. घराघरात वेगळं बोलतात.

मोडीवाचक : 'फळी' आली संस्कृत 'फलक'वरून. मग 'शीर्षफलक' करा की. सावरकरांनी मेयरला महापौर दिला तेव्हाही लोक हसलेच असतील, आज कोणाला खटकतो? मराठी वाचनालयाच्या कागदात 'टॉप' लिहायची वेळ यावी याचं वाईट वाटतं.

शिसवी : फलक म्हटलं की आज पाटीच डोळ्यासमोर येते. शीर्षफलक वाचून सुताराला वाटेल दारावर नावाची पाटी करायचीय. ज्याला काम करायचंय त्याला कळायला नको?

रंधा : मी फर्निचरचीच कामं घेतो. साइटवर सगळे टॉपच म्हणतात, मिस्त्री मराठी असो की राजस्थानी. पण ताई, शब्दापेक्षा पुढचं नीट लिहा. नुसतं 'लाकडी' लिहिलंत तर १९ एमएमच्या प्लायवर सनमायका मारून देतील आणि तुम्हाला काही बोलता येणार नाही, प्लायही लाकूडच. सागवान हवं तर सागवान लिहा, रंधून झाल्यावरची जाडी लिहा, पॉलिश कुठलं तेही. आणि सागवानाचा टॉप खालच्या सांगाड्याला फेविकॉलने चिकटवू देऊ नका. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, लांबीला जवळजवळ नाहीच, म्हणून खालून स्क्रू मारताना सांगाड्यातली भोकं रुंदीच्या दिशेने लांबट ठेवायची, म्हणजे टॉपला सरकायला जागा मिळते. घट्ट आवळून टाकला की मग कुठल्यातरी उन्हाळ्यात जोडात चीर पडते आणि बोल मात्र लाकडाला लागतो.

मांडवीकाठ : फळीचं राहू द्या, 'मेज' तरी कुठं मराठी आहे, पोर्तुगीज 'मेझा'. बाक, पगार, बटाटा आले तसाच आला.

मोडीवाचक : नाही हो, फारसीत 'मेज' आहे. उर्दू-हिंदीत सगळीकडे चालतो, तिथे कुठे पोर्तुगीज होते?

मांडवीकाठ : मग हिंदीतली अलमारी नि चाबी कुठून गेली? दोन्ही पोर्तुगीजच. शब्दाला माणसाबरोबरच जावं लागतं असं थोडंच आहे.

तराजू : माझ्या मते 'गल्ला'चा विचार व्हावा. इंग्रजीतलं काउंटर म्हणजे मुळात पैसे मोजायची जागा, आपल्याकडेही दुकानात 'गल्ल्यावर बस जरा' म्हणतात, म्हणजे त्या टेबलाशीच. मूळ गल्ला म्हणजे धान्य, मग त्याचे आलेले पैसे, मग पैशाची पेटी, मग ती जागा. एवढा प्रवास केलेला शब्द टाकून का द्यायचा?

शिसवी : गल्ला ही जागा झाली, त्यांना वरच्या लाकडाचं नाव हवंय.

पिंपळपान : हो, तेवढंच हवंय.

रंधा : ताई उंची किती धरलीय? उभ्याने बोलणाऱ्याला ४२ इंचांच्या आसपास लागते, आत बसून नोंदी करणाऱ्याला ३०. म्हणजे टॉप दोन होतात. आणि व्हीलचेअरवरून येणाऱ्यासाठी बाहेरच्या बाजूलाही थोडा भाग ३० इंचांवर उतरवा, खाली गुडघे जातील अशी पोकळी ठेवून. वाचनालयात हे हवंच, नंतर कोणी करत नाही.

पिंपळपान : हे डोक्यातच नव्हतं, फार बरं झालं सांगितलंत. पण आता दोन शब्द लागणार! 'वरचा माथा' आणि 'खालचा माथा' कसं वाटतं?

गोदातीर : बघा, माथाच आला शेवटी.

शिसवी : खालचा माथा?? माथा खाली कसा असेल?

तराजू : आतला नि बाहेरचा म्हणा.

मोडीवाचक : मेजबद्दल एक राहिलं. 'मेजवानी', 'मेजबान' हे सरळ फारसी आहेत, पोर्तुगीजांशी काही संबंध नाही.

मांडवीकाठ : मेजवानी फारसी असेल, पण म्हणून लाकडी मेजही तिथूनच आलं हे कसं ठरलं? दोन्हीकडून येऊन एक झालं असेल.

गोदातीर : रंधाभाऊ, लाखेचं पॉलिश चालेल का टॉपला? आमच्या जुन्या टेबलावर गरम कप ठेवला की पांढरं कडं उमटतं.

रंधा : लाख उष्णतेला टिकत नाही. काउंटरला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश करा. तुमचं टेबल सागाचं की शिसवाचं?