पुढच्या काचेवरील वायपरचे बारीक ओरखडे : मदत हवी आहे

वायपरचे रबर झिजल्याचे वेळीच लक्षात न आल्याने गाडीच्या पुढच्या काचेवर, नेमके चालकाच्या नजरेसमोर, कमानीसारखे बारीक ओरखडे उमटले आहेत. त्यांत नख अडकत नाही, परंतु रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्यांवर फाकतो. रबर बदलले, काच धुतली, टूथपेस्टही घासून पाहिली (तिने काचेला काही होणार नव्हतेच). आता सेरियम ऑक्साइडची पूड (काच घासून गुळगुळीत करण्यासाठी वापरतात ती) पाण्यात कालवून, ड्रिलला फेल्टचा (दाबलेल्या लोकरीचा) पॅड लावून घासण्याचा विचार आहे. मात्र लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असलेली) काच तापून तडकेल, किंवा एकाच जागी जास्त घासल्याने खोलगट होऊन पलीकडचे दृश्य वेडेवाकडे दिसेल, अशी भीती वाटते. काच बदलणे तूर्त शक्य नाही. ज्यांनी हे स्वतः केले आहे, त्यांनी ड्रिलचा वेग किती ठेवला आणि कुठे थांबायचे हे कशावरून ओळखले?