मदत हवी आहे: मोन्तेरोसो की वेर्नाझ्झा?

मंडळी, सप्टेंबरात आमच्या लग्नाला 25 वर्षं होतील. इटलीत चिंक्वे तेर्रेला (समुद्रकाठची पाच गावं) चार रात्री जायचं पक्कं, पण पाचातलं कुठलं गाव ते ठरेना. हिला वेर्नाझ्झाच हवं. बंदराला खेटून रंगीत घरं, खाली होड्या. पण हिचे गुडघे कुरकुरतात आणि तिथे जिनेच जिने. (पाचातल्याच कोर्निल्याचं नावही काढलं नाही, स्टेशनवरून गावात जायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या!) मोन्तेरोसो त्यातल्या त्यात सपाट, पुळणही मोठी. तिथे राहून ट्रेनने वेर्नाझ्झाला जावं का? अंतर मोजून काही मिनिटांचं.

आणि खाण्याचं? पार्मेसान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं, म्हणून ही ते चीज घातलेल्या पेस्तोला (तिकडची हिरवी चटणी) शिवत नाही. चीजशिवाय करून देतात का? नुसत्या फोकाच्या ब्रेडवर चार दिवस कसे काढणार! तिकिटं रविवारी काढतोय, जाऊन आलेल्यांनी सांगा.