अभिजात विज्ञानमालिकांचे आरंभीचे भाग: गाळावेत की पाहावेत?

धूमकेतू (धागाकर्ता):
जुन्या विज्ञानमालिका, म्हणजे विज्ञानकथांवरच्या दूरचित्रवाणी मालिका, पाहू इच्छिणाऱ्या नव्या प्रेक्षकाला एक सल्ला सर्रास दिला जातो: सुरुवातीचे भाग गाळा आणि मालिकेची घडी बसली तिथून पाहायला लागा. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. घडी बसण्यापूर्वी आपली पात्रे नेमकी कशी आहेत हे निर्मात्यांनाही पुरते ठाऊक नसते, आणि त्यामुळे त्या भागांत असे काही घडून जाते, जे घडवण्याची मुभा पुढे त्याच मालिकेला उरत नाही.

‘डॉक्टर’ नावाच्या कालप्रवाशाची गोष्ट सांगणाऱ्या ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी दाखवला, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाच्या आधी तो पुन्हा प्रक्षेपित केला. त्या पहिल्याच कथेत, अश्मयुगातल्या जंगलातून पळ काढत असताना, सोबतचे लोक एका जखमी टोळीवाल्याची शुश्रूषा करू लागतात. डॉक्टरला हा उशीर असह्य होतो, आणि तो हळूच एक धारदार दगड उचलतो. सोबत्यांपैकी इयान त्याचे मनगट धरतो, तेव्हा डॉक्टर सांगतो की, या माणसाकडून आपल्याला परतीच्या वाटेचा नकाशा काढून घ्यायचा होता. डॉक्टरची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल ते वाक्य अशा काही घाईने म्हणतात, की त्यावर विश्वास ठेवावा की नाही हे आजही ठरवता येत नाही. पुढे जो डॉक्टर दुबळ्यांचा कैवारी म्हणून घरोघरी पोहोचला, तो इथे आपल्या सुटकेसाठी खून करायला निघाला असावा, अशी शंका मालिका प्रेक्षकाच्या मनात ठेवते आणि तिचे निरसन करत नाही. हा प्रसंग गाळला, तर त्या पात्राने पुढे कापलेले अंतर कळणार तरी कसे?

त्रयस्थ:
आपण चार भागांतला एक क्षण निवडलात, आणि तो उत्तम आहे हे मान्य. मात्र पहिल्या भागानंतरचे तिन्ही भाग टोळीत अग्नी कोण पेटवणार या एकाच भांडणावर रेंगाळतात. पात्रे पकडली जातात, सुटतात, पुन्हा पकडली जातात आणि पुन्हा सुटतात. एका क्षणासाठी तासाहून अधिक वेळ द्यावा, असे मी कोणाला सुचवणार नाही.

माझा खरा आक्षेप मात्र संथपणाबद्दल नाही. ६ ऑक्टोबर १९६६ रोजी प्रक्षेपित झालेला, अंतराळजहाजावर घडणाऱ्या ‘स्टार ट्रेक’ या मालिकेचा ‘द एनिमी विदिन’ हा भाग पाहावा. माणसांना क्षणात दुसरीकडे पोहोचवणाऱ्या वहनयंत्रातल्या बिघाडामुळे जहाजाचे कप्तान कर्क यांची दोन रूपे होतात आणि त्यांतले हिंस्र रूप जॅनिस रँड या सहकारी स्त्रीवर हल्ला करते. नंतर तिला ही हकीकत प्रत्यक्ष कर्क यांच्याच समोर सांगावी लागते. कप्तानाला अडचणीत आणायचे नव्हते, एरवी हा विषय काढलाही नसता, असे ती रडत सांगते. इथवर लेखन प्रामाणिक आहे. शेवटी मात्र कर्क यांचा सहकारी अधिकारी स्पॉक तिला विचारतो, की त्या तोतयात काही आकर्षक गुण होते, असे तिला वाटत नाही का? मालिकेतल्या सर्वांत विवेकी पात्राच्या तोंडी हे वाक्य घालताना कोणालाही काही खटकले नाही. अशा भागांचा अभ्यास जरूर व्हावा, परंतु करमणूक म्हणून त्यांची शिफारस करताना आपण जुन्या जिव्हाळ्यापोटी झुकते माप देत आहोत, असे मला वाटते.

मंदाकिनी:
‘आरंभीचे’ म्हणजे कोणते, हे आधी ठरवायला हवे. ‘स्टार ट्रेक’चे भाग ज्या क्रमाने तयार झाले, त्या क्रमाने दाखवले गेले नाहीत. १९६५ मध्ये चित्रित झालेला दुसरा चाचणी-भाग (वाहिनीची मंजुरी मिळवण्यासाठी बनवलेला नमुना) २२ सप्टेंबर १९६६ रोजी तिसरा म्हणून दाखवला गेला, त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत ओळखीचे झालेले जहाजाचे वैद्य डॉक्टर मॅकॉय त्यात एकाएकी गायब होते आणि गणवेशही निराळे होते. विस्कळीतपणाचा काही दोष वाहिनीच्या क्रमवारीचा आहे.

८ सप्टेंबर १९६६ रोजी सर्वांत आधी दाखवलेल्या ‘द मॅन ट्रॅप’विषयीही बोलायला हवे, कारण राक्षसाची साधी गोष्ट म्हणून तो नेहमी मोडीत काढला जातो. माणसाच्या शरीरातले मीठ शोषणारा तो जीव त्याच्या जातीतला शेवटचा आहे. संशोधक क्रेटर यांच्या पत्नीला त्यानेच मारले आहे, तरीही ते त्याला मीठ पुरवून जगवत राहतात आणि अमेरिकेतल्या गव्यांच्या संहाराची आठवण करून देतात. अखेर मॅकॉय त्याला गोळी घालतात, तीही तो त्यांच्या जुन्या प्रेयसीच्या रूपात उभा असताना. संकट टळल्यावर कर्क एवढेच म्हणतात की, मी त्या गव्यांचा विचार करत होतो. पहिल्याच दिवशी विजयाचा आनंद नाकारणारी मालिका मला कच्ची वाटत नाही.

त्रयस्थ:
मंदाकिनी, आपल्या उदाहरणाने माझेच म्हणणे बळकट होते. मार्च १९६७ मधला ‘द डेव्हिल इन द डार्क’ याच कल्पनेवर उभा आहे. तिथेही माणसे मारणारा जीव आहे, परंतु खाणकामगार त्याची अंडी फोडत होते हे उघड होते, स्पॉक त्याच्या मनाशी संवाद साधतो आणि दोन्ही बाजूंत समझोता होतो. पहिल्या भागात जीवाला मारून मग हळहळ व्यक्त होते. इथे मारण्याआधी विचार होतो. एखाद्याला एकच भाग दाखवायचा असेल, तर मी निःशंक दुसरा दाखवीन.

धूमकेतू:
एकच दाखवायचा असेल तर मीही तोच दाखवीन. पण ‘द मॅन ट्रॅप’मधली ती गोळी आठवत असताना ‘द डेव्हिल इन द डार्क’ पाहणाऱ्याला समझोत्याची खात्री नसते. या मालिकेत शेवटचा जीव मारला जाऊ शकतो हे त्याने पाहिलेले असते, आणि म्हणून त्या भागातला ताण त्याला अधिक जाणवतो.

‘द एनिमी विदिन’मधल्या त्या शेवटच्या वाक्याचा बचाव मी करणार नाही, ते लाजिरवाणेच आहे. तरीही रँडची भूमिका करणाऱ्या ग्रेस ली व्हिटनी यांनी त्या जबानीच्या दृश्यात जो अपमान आणि जी भीती उभी केली आहे, ती पुढच्या वाक्याने पुसली जात नाही, आणि भाग गाळल्याने त्यांचे हे कामही गाळले जाते. शिवाय आरंभ म्हणजे नेहमी मागासलेपण असेही नाही. पहिल्या, नाकारल्या गेलेल्या ‘द केज’ या चाचणी-भागात जहाजाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी एक स्त्री होती, थंड डोक्याची आणि गरज पडताच सूत्रे हाती घेणारी. दुसऱ्या चाचणी-भागात ती नाही. म्हणजे इथे मालिका पुढे गेल्यावर मागे सरकली, आणि हे आरंभ पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

त्रयस्थ:
स्त्री-अधिकाऱ्याविषयीचा मुद्दा वजनदार आहे. परंतु ‘द केज’ला आरंभीच्या भागांत धरणे मला मान्य नाही. १९६६ च्या प्रेक्षकाला त्यातली दृश्ये ‘द मेनॅजरी’ या दोन भागांच्या कथेत गुंफलेलीच दिसली, आणि संपूर्ण ‘द केज’ दूरचित्रवाणीवर यायला १९८८ उजाडावे लागले. जे त्या काळी संपूर्ण दाखवलेच गेले नाही, त्याचे श्रेय प्रक्षेपित झालेल्या भागांच्या खात्यावर जमा करता येणार नाही. नव्या प्रेक्षकाला ‘द केज’ स्वतंत्रपणे दाखवावा. ‘द एनिमी विदिन’ मात्र मी यादीतून वगळलेलाच ठेवीन.