वडिलांची पद्मिनी, खालचा पत्रा गेलाय, काय करू?

मालवणहून विचारतोय. बाबांची ८४ची प्रीमियर पद्मिनी सात पावसाळे माडाखाली उभी होती. इंजिन हाताने फिरतंय, पण ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर खालची वाळू दिसते. गॅरेजवाला म्हणतो पुट्टी भरून रंग मारू, पण मन तयार होत नाही. गाडी विकायची नाहीच.

उत्तर, रत्नागिरी:
पुट्टी अजिबात भरू नका!! हिला वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) नसते, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळे दाराखालची पट्टी सडली असेल तर आधी जॅक आणि अँगल लावून आधार द्या, मगच कापा, नाहीतर बॉडी वाकते आणि दारं बसत नाहीत, माझ्या फियाटचं हेच झालं आणि आठ महिने गेले. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, वेल्डिंग, मग इपॉक्सी प्रायमर. गंजावर डांबर मारू नका, आत ओल कोंडते. दारांच्या खालची भोकं तारेने मोकळी करा, खारा वारा आणि साचलेलं पाणी हेच खरं दुखणं.

उत्तर, गुहागर:
ब्रेकचे व्हील सिलिंडर (चाकातले, ब्रेक दाबणारे) उघडून बघितल्याशिवाय रस्त्यावर काढू नका. आणि कागद बघा, १५ वर्षांनंतर नोंदणीचं रिन्यूअल दर ५ वर्षांनी लागतं. ‘VA’ अक्षरांची व्हिंटेज गाड्यांची नंबरप्लेट ५० वर्षं पूर्ण झाल्यावरच.

मालवण:
आभारी आहे. आज भोकं मोकळी केली, डाव्या दारातून मूठभर सुरूची पानं निघाली.